अनंताच्या जरा पलीकडे

आत्याने काढलेल्या फोटोंबद्दल आमच्या घरात एक वाक्य ठरून गेलंय: "हिचा हात हलतो." अल्बम उघडला की तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत कुणीतरी ते म्हणतंच. आत्या स्वतःही हसून मान डोलावते. एरवी ती क्षुल्लक गोष्टींवरून तासभर वाद घालू शकते, पण यावर तिने कधी शब्द काढला नाही. त्यामुळे ते खरंच असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी तिने तो कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "तुला असल्या मेलेल्या वस्तू उघडून बघायचा नाद आहे ना? घे. माझ्याकडे नुसता पडून आहे."

चामड्याचं कव्हर, तुटलेला पट्टा, आणि आत घडी घालून झोपलेला फोल्डिंग कॅमेरा. बटण दाबलं की समोरचं दार खाली पडतं आणि भात्यासकट लेन्स खाडकन पुढे येऊन उभी राहते. लोहाराकडे असतो तोही भाता आणि हाही भाता; फरक एवढाच, की याच्या पोटात हवेऐवजी काळोख भरून ठेवायचा असतो. १९५०च्या दशकातला हा कॅमेरा १२० नंबरच्या फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा चौकोनी फ्रेम देतो. ही फिल्म १९०१ पासून निघते आहे आणि अजून मिळते, म्हणून तर अशा म्हाताऱ्यांना जागं करण्यात काही अर्थ आहे. कॅमेऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे निघालं त्यात बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता.

आधी बाकीची तपासणी. शटर चाललं, हळू वेगांना जरा रेंगाळत होतं, पण या वयात एवढं चालायचंच. अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च घालून बाहेरून निरखलं. भात्याच्या घड्यांचे कोपरे आधी झिजतात आणि तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. एकही ठिपका चमकला नाही. काचांवर थोडी वाफ धरल्यासारखं होतं, बुरशी नव्हती.

फोकसची कडी मात्र जाम.

या आजाराची ख्याती मला ठाऊक होती. कडीच्या आतलं भिंगाचं घर पितळेचं असतं, त्याला आटे पाडलेले असतात, आणि आट्यांत कारखान्यात लावलेलं ग्रीस असतं. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. वर्षं गेली की तेल निथळून जातं, उरलेलं आंबतं, त्यातली आम्लं पितळेतल्या तांब्याला जाऊन मिळतात आणि हिरवा, मेणासारखा कडक थर बनतो. पितळ कळकतं म्हणतो ना आपण, तोच प्रकार. पण इथे तो आट्यांच्या खोबणीत कोंडलेला असतो, जिथे जागा मुळात केसभर. वंगण म्हणून घातलेली वस्तू शेवटी डिंक होऊन बसते.

आणि मग मी ते केलं जे करू नये हे मला नक्की माहीत होतं. जोर लावला. रबराचा तुकडा कडीभोवती गुंडाळून, दात-ओठ खाऊन पीळ दिला. कडी हलली! आधी कुरकुरत, मग ओलं कापड पिळावं तशी, पण फिरली. पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला इतका आनंद झाला की मी ती चार-पाच वेळा उगाचच मागेपुढे फिरवली. पाच मिनिटांत काम फत्ते.

काम फत्ते नव्हतं. ते का, हे सांगायला जरा आत शिरावं लागेल.

लेन्स म्हणजे एक काच नव्हे. या कॅमेऱ्यात तीन भिंगं आहेत: पुढे एक फुगीर, मध्ये एक खोलगट, मागे पुन्हा एक फुगीर, आणि मधल्या जागेत नुसती हवा. ही रचना डेनिस टेलर या इंग्रज माणसाने १८९३ साली काढली. तो यॉर्कमधल्या टी. कूक अँड सन्स या दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीत होता. तीनच भिंगं, पण तीन काचा आणि त्यांच्यामधली दोन अंतरं अशी जुळवलेली, की एकीने केलेला घोळ दुसरी निस्तरते. स्वस्त आणि मस्त. पुढची कित्येक दशकं मध्यम किमतीच्या जगभरच्या कॅमेऱ्यांत हेच त्रिकूट बसवलेलं दिसतं.

आता फोकस. जवळची वस्तू स्पष्ट हवी तर लेन्स फिल्मपासून दूर न्यायची, हा सरळ मार्ग. ७५ मिलिमीटरची लेन्स एक मीटरवर आणायची तर ती अख्खी सुमारे सहा मिलिमीटर पुढे सरकायला हवी. पण फोल्डिंग कॅमेऱ्यात लेन्सबरोबर शटरही त्या दारावरच्या लटपटत्या कमानीवर उभं असतं. तिला आणखी रूळ द्यायचे, सगळं नेमकं सरकवायचं, म्हणजे खर्च आला. (यावर एक अफलातून उपाय १९४० साली आलेल्या मामिया सिक्समध्ये आहे. तिथे लेन्स जागची हलतच नाही, मागची फिल्मच पुढेमागे सरकते. पर्वत महंमदाकडे आला!) साध्या कॅमेऱ्यांनी तिसरी वाट धरली: फक्त सगळ्यात पुढचं भिंग फिरवायचं. ते मळसूत्रावरून किंचित बाहेर आलं की पहिल्या आणि दुसऱ्या भिंगातली हवा वाढते, सगळ्या त्रिकुटाचं नाभीय अंतर थोडं कमी होतं आणि जवळची वस्तू आपसूक फिल्मवर येते. सहा मिलिमीटरचं काम एक-दीड मिलिमीटरच्या हालचालीत भागतं. टेलरने जुळवलेलं अंतर आपण त्यात बिघडवतो खरं, त्यामुळे अगदी जवळच्या फोटोत धार थोडी कमी होते, पण त्यावर कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मेख अशी, की पुढच्या भिंगाचं घर मधल्या भिंगाच्या घरात आट्यांनी बसतं, आणि मधलं घर शटरमध्ये आट्यांनीच बसतं. पहिल्या जोडातलं ग्रीस दगड झालेलं असेल आणि तुम्ही बाहेरून पीळ दिलात, तर सुटतो तो दुसरा जोड. पुढचं आणि मधलं भिंग एकमेकांच्या गळ्यात गळा घालून एकत्र फिरतात. मी जल्लोष करत होते तेव्हा नेमकं हेच चाललं होतं. कडी फिरत होती, आकडे बदलत होते, आणि ज्या दोन भिंगांतली हवा वाढायला हवी होती ती तसूभरही बदलत नव्हती.

हे कळलं ते कडी काढल्यावर. कडीच्या कडेला, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, तीन बारीक स्क्रू असतात. इतके बारीक, की एक जमिनीवर पडला तर संध्याकाळ गेलीच समजा. (गेली. पांढरी चादर अंथरून काम करायची अक्कल दुसऱ्या दिवशी आली.) ते काढायचे नसतात, नुसते सैल करायचे असतात. त्याआधी एक शहाणपण मात्र मी केलं होतं: कडी आणि आतलं घर यांच्यावर पेन्सिलीने एक आरपार रेघ ओढून ठेवली, आणि मोबाइलवर फोटो काढला. कडी उचलली, आतलं घर फिरवून बाहेर काढलं, तर हातात अपेक्षेपेक्षा जाडजूड ऐवज आला. उजेडात धरला. दोन भिंगं.

पुढचे तीन दिवस मी त्या दोघांना वेगळं करत होते. ॲसिटोन हा थर चटकन विरघळवतं, पण आकड्यांतला रंगही घेऊन जातं, म्हणून लायटरमध्ये घालायचं पेट्रोल. जोडावर दोन-चार थेंब, मग वाट. खिडकी उघडी ठेवून, आणि सगळं पूर्ण उडून गेल्याशिवाय हेअर ड्रायर जवळपासही न आणता. मग ड्रायरची ऊब. मग दोन्ही बाजूंनी रबर धरून हलका पीळ. मग पुन्हा थेंब. एक बरं होतं, की या त्रिकुटात दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या नसतात. १९०२ साली झाइस या जर्मन कंपनीत पाउल रुडॉल्फने काढलेल्या टेसार लेन्समध्ये मागची जोडी चिकटवलेली असते, आणि जुन्या लेन्समध्ये त्यासाठी कॅनडा बाल्सम म्हणजे झाडाचा चीक वापरलेला असतो. तिथे असं पेट्रोल-ड्रायर केलं तर ग्रीसऐवजी तो चीकच सुटायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता मी तो तुकडा नुसता हातात घोळवत होते, सवयीने पीळ दिला, आणि तो फिरला. आवाज नाही, काही नाही. लोणी कापावं तसा. मी फोन ठेवला आणि हात जागच्या जागी थांबवला, कारण इथे दुसरा सापळा असतो. या मळसूत्राला एक तोंड नसतं, अनेक असतात. झाकण कुठूनही लावलं तरी बसतं, तसं. पण प्रत्येक तोंडातून आत शिरलं की भिंग वेगळ्या ठिकाणी जाऊन टेकतं. म्हणून ते अलगद, मुंगीच्या पावलाने सोडवायचं, आणि ज्या क्षणी शेवटचा आटा सुटतो तिथे दोन्हीकडे खूण करायची. मी सुईने बारीक ओरखडा काढला.

आणि तेव्हाच तो दुसरा ओरखडा दिसला. म्हणजे बघितला आधीही होता, पण दुरुस्ती करताना कुणाचा तरी स्क्रूड्रायव्हर घसरला असेल म्हणून सोडून दिला होता. कडीवर, दोन मीटर आणि दीड मीटर या आकड्यांच्या मध्ये, दोनच्या अंगाला, एक उभी रेघ. आता माझी ताजी खूण आणि ती जुनी रेघ शेजारी शेजारी होत्या, आणि दोन्ही एकाच हत्याराच्या वाटत होत्या. घसरलेल्या स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा तिरका जातो आणि शेवटाला निमुळता होतो. ही रेघ सरळ होती, दोन्ही टोकांना सारखी खोल, आणि दोनदा गिरवलेली. कुणीतरी बसून, लक्ष देऊन काढलेली.

ते तिथेच ठेवून मी साफसफाईला लागले. टूथपिक, कापूस, पेट्रोल. खोबणीखोबणीतून निघणारा तो हिरवा मळ. सगळा निघून खाली पिवळंधमक पितळ दिसलं तेव्हा मी थोडा वेळ नुसती बघत बसले. मधलं भिंग शटरमध्ये घट्ट बसवलं. पुढच्या भिंगाच्या आट्यांना टाचणीच्या डोक्याएवढं नवं ग्रीस, जास्त नाही. जास्तीचं ग्रीस पुढच्या काही वर्षांत सरपटत जाऊन शटरच्या पात्यांवर बसतं आणि मग तिथे नवा जाम. खुणेला खूण लावून भिंग आत फिरवलं. बोटाच्या एका टोकाने फिरत होतं.

आता राहिलं अनंत ठरवायचं.

हे वाक्य लिहितानाही मला गंमत वाटते. कडीच्या एका टोकाला आडवा झोपलेला आठ असतो. ही खूण जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५५ साली पहिल्यांदा छापली, आणि आज ती चारचौघांना कुठे भेटत असेल तर ती लेन्सच्या कडीवर. गणितात अनंत कुठे आहे ते कुणी बोट ठेवून सांगू शकत नाही. कॅमेऱ्यात सांगता येतं, नव्हे, सांगावंच लागतं. ते तीन स्क्रू ज्या जागी आवळाल तिथे. कडी भिंगावर कुठेही बसते. ती कुठे बसवायची हे कॅमेऱ्याला माहीत नसतं. ते कुणीतरी डोळ्यांनी बघून ठरवतं, आणि मग सगळे आकडे त्या एका निर्णयाच्या मागे रांगेने उभे राहतात.

रीत अशी. कॅमेऱ्याची पाठ उघडायची, फिल्म ज्या दोन पट्ट्यांवरून सरकते त्यांच्यावर दुधी काच ठेवायची, शटर उघडं धरायचं, छिद्र सगळ्यात मोठं म्हणजे एफ/४.५ वर, आणि लांबच्या वस्तूवर कॅमेरा रोखून काचेवरचं चित्र भिंगातून बघायचं. मला एक मोबाइलचा टॉवर सापडला, साधारण किलोमीटरभर लांब. ७५ मिलिमीटरच्या लेन्सला किलोमीटर आणि अनंत यांत फिल्मवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाही फरक पडत नाही. टॉवर काचेवर उलटा लटकला. भिंग हळूहळू आत, चित्र आवळत आवळत आलं, टॉवरच्या शिडीच्या पायऱ्या मोजता येतील इतकं. थोडं पुढे गेलं की पुन्हा पसरलं. मागे, पुढे, मागे. दहा-बारा वेळा करून मधली जागा पकडली. खूण केली. खूश झाले.

मग सहज टेपने तीन मीटर मोजून एक खुर्ची ठेवली, कडी तीनवर लावली, आणि खुर्ची धूसर. पुन्हा सगळं तपासलं, पुन्हा धूसर. अर्धा तास गेल्यावर लक्षात आलं: दुधी काचेची खरखरीत बाजू लेन्सकडे हवी. चित्र त्या खरखरीत बाजूवर पडतं. टॉवर बघताना मी काच उलटी ठेवली होती (खुर्चीच्या वेळी ती नकळत सुलट बसली), म्हणजे माझं चित्र दीड मिलिमीटर काच ओलांडून पलीकडे तयार होत होतं. प्रकाश काचेत वळतो त्याची वजावट केली तरी जवळपास मिलिमीटरभर चूक. काच सुलट ठेवून सगळं पुन्हा केलं. आता खुर्ची तीनवर आली, पाच मीटरवरची पाचवर आली. स्क्रू आवळण्याआधी मी सहज जुन्या पेन्सिलच्या रेघेकडे बघितलं.

ती जुळत नव्हती. थोडीथोडकी नाही. जुन्या रेघेप्रमाणे कडी बसवली तर खरा अनंत पाचच्या आकड्यावर येत होता. आणि आडव्या आठवर? तिथे भिंग आट्यांच्या तळाला जाऊन टेकलं होतं. अगदी घट्ट, आणखी जागाच नाही.

मग सगळं स्पष्ट झालं. कधीतरी कुणीतरी हा कॅमेरा उघडला होता. साफ केला असेल, शटर काढलं असेल. आणि परत जोडताना त्या कारागिराने विचार केला की भिंग पूर्ण आत म्हणजे अनंत. वाटतं खरं तसं. पण बनवणारे आट्यांच्या तळाशी थोडी जागा राखून ठेवतात. खरा अनंत तळापासून जरा वर असतो. तळाला टेकवलेली लेन्स अनंताच्याही पलीकडे बघत असते, जिथे काहीच नाही. त्याला नावं ठेवायला तोंड उघडलं होतं मी, पण दहाच मिनिटांपूर्वी मी स्वतः जवळपास तेवढीच चूक त्याच दिशेने केली होती, हे आठवून मिटलं.

कडीवरचे आकडे सारख्या अंतराने नसतात. अनंतापासून पाचपर्यंत कडी जेवढी फिरते, जवळपास तेवढीच पुन्हा फिरवली की अडीच येतो. सगळे आकडे एवढ्याने सरकलेले धरून मी कागदावर मांडायला घेतलं. कडीवर पाच लावलं तर खरं अनंत. तीन लावलं तर खरं साडेसात मीटर. म्हणजे तीन मीटरवर माणूस उभा करून, इमानदारीने कडी तीनवर लावून फोटो काढला, तर माणूस धूसर आणि त्याच्या मागचं दार लख्ख.

पेन्सिल ठेवून मी अल्बम काढला.

पहिली पानं. संध्याकाळचे, घरातले, सावलीतले फोटो. माझे आजोबा जिन्यावर, चेहरा विरघळल्यासारखा, आणि मागच्या खिडकीचे गज एक एक मोजून घ्यावेत असे. कुणीतरी लहान मूल, ओळखू न येणारं, आणि त्याच्यामागे भिंतीवरचं कॅलेंडर, ज्यावरचा महिना वाचता येतो. हात हलला तर सगळंच एका दिशेने ओढलं जातं. गज आणि चेहरा यांत हात भेदभाव करत नाही. आम्ही इतकी वर्षं हे फोटो बघत होतो आणि चेहरेच बघत होतो. मागचे गज कुणी बघितलेच नव्हते. उन्हातले फोटो मात्र बरे. साहजिक आहे: उन्हात छिद्र एफ/११ पर्यंत बारीक करावं लागतं, आणि तेवढ्या छिद्राला ही चूक फिल्मवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच पसरते. प्रिंट फिल्मच्याच मापाचे, डोळ्याला ते कळतही नाही. एफ/४.५ ला तीच चूक अडीच पट होते. उजेड कमी झाला की फोटो बिघडतात, म्हणजे हात हलत असणार, हे अनुमान किती सरळ होतं! आणि किती चुकीचं.

पुढची पानं उलटली. साताठ पानांनंतर माणसं एकदम स्पष्ट. संध्याकाळचीही, घरातलीही. आणि त्या पानांत आणखी एक गोष्ट दिसली जी एकदा दिसली की मग डोळ्यांपुढून हटत नाही: सगळी माणसं एकाच मापाची. डोक्यावर थोडी जागा, पायाखाली थोडी जागा, मध्ये अख्खा माणूस. एकही चेहरा जवळून नाही. पानामागून पान तेच. या लेन्समधून तीन मीटरवरून या चौकोनात सव्वादोन मीटर उंची मावते, म्हणजे उभा माणूस, नेमका.

ती रेघ. दोनच्या अलीकडची, दोनदा गिरवलेली. माझ्या कागदावरच्या हिशेबाने तिथे कडी लावली की खरं अंतर येत होतं तीन मीटर.

मी आत्याला फोन केला. "आत्या, कडीवर ओरखडा तू काढलास?"

"कुठली कडी?"

"कॅमेऱ्याची. दोनच्या जवळ."

"हां, तो होय. शिवणाच्या सुईने." मग जरा थांबून, "तो दुरुस्त करून आणला तेव्हापासून बिघडला होता."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

तिने जे सांगितलं ते असं: एक अख्खा रोल घेऊन तिने एका स्टुलाचे बारा फोटो काढले होते. स्टूल जागचं हलवलं नाही, स्वतः जागची हलली नाही. प्रत्येक फोटोला कडी थोडी थोडी फिरवली आणि कुठे लावली ते कागदावर मांडून ठेवलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं, स्टुलाचे कसले फोटो काढतेस म्हणून. रोल धुऊन आला तेव्हा बारांतलं एक स्टूल नीट होतं. ती जागा तिने सुईने कोरून ठेवली, आणि त्यानंतर कडीवरचे आकडे कधी बघितले नाहीत. माणसापासून चार पावलं मागे जायचं, रेघेवर कडी आणायची, बटण दाबायचं.

"मग सांगितलं का नाहीस? हात हलतो म्हणतात सगळे."

"म्हणू देत की. पुन्हा दुरुस्तीला द्या म्हणाले असते. होता तोही गेला असता."

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ते तीन स्क्रू तसेच सैल पडून होते. कडी जुन्या पेन्सिलच्या रेघेवर बसवली तर आत्याची रेघ खरी आणि छापलेले सगळे आकडे खोटे. नव्या खुणेवर बसवली तर आकडे खरे आणि आत्याची रेघ खोटी. ती तीन मीटरऐवजी दोन मीटरच्याही आत बोट दाखवणार. मधला मार्ग नव्हता. मी दोन्ही बाजूंनी थोडा थोडा विचार केला, थोडा झोपेत केला, आणि सकाळी आकड्यांच्या बाजूने कौल दिला. कॅमेरा वापरायचा होता मला, आणि मला लांबचे डोंगरही हवे होते. स्क्रू आवळले. पेन्सिलची रेघ पुसली. सुईची पुसता येत नाही.

नव्या रोलचे आठ फोटो मी काढले. डोंगर, खुर्ची, दीड मीटरवरचं झाड, टॉवर. चार शिल्लक होते तेव्हा कॅमेरा घेऊन आत्याकडे गेले. तिने तो हातात घेतला, बटण दाबलं, भाता बाहेर आला. उजेड बघून तिनेच छिद्र उघडलं, पार एफ/४.५ पर्यंत. मी सगळं समजावून सांगायचं ठरवून आले होते: आता आकडे खरे आहेत, तीन म्हणजे तीन, तुझी रेघ आता वापरायची नाही. पण तिने चष्मा डोक्यावर सरकवला होता आणि कडीकडे ती बघतच नव्हती. अंगठ्याचं नख कडीवरून फिरलं, रेघेत अडकलं, आणि तिने रेघ वरच्या काळ्या त्रिकोणासमोर आणून ठेवली. एक पाऊल मागे. दोन. तीन. चार.

"हां, उभी राहा."

मी उभी राहिले. मग मनातल्या मनात हिशेब करून हळूच एक पाऊल पुढे सरकले, आणि आणखी अर्धं.

"जागची हलू नकोस गं," कॅमेऱ्यामागून आवाज आला. "पाय कापले जातायत तुझे."

"राहू दे आत्या," मी म्हटलं. "असाच काढ."